पोलादी पिंजरा

पिंजरा म्हटला की आपल्या पिढीला शांतारामबापूंचा १९७२ सालचा चित्रपट आठवतो. मस्कतमधल्या आमच्या चार कुटुंबांना मात्र आता वेगळाच पिंजरा आठवतो. दादांच्या जुन्या निसान पॅट्रोलमध्ये बसवलेला, पोलादी पाइपांचा!

ओमानमध्ये राहून वाळूत गाडी घातली नाही, तर कोकणात जाऊन समुद्र न बघण्यासारखंच. मस्कतहून सुमारे दोनशे किलोमीटरवर बिदिया. तिथे डांबर संपलं की वहिबाची वाळू सुरू होते, ती दक्षिणेकडे १८० किलोमीटर पसरलेली आहे. टायरमधली हवा पंधरा-अठरा पौंडांवर आणायची आणि टेकाडं सरळ चढायची-उतरायची. उतारावर गाडी आडवी झाली तर कोलांटी खायला वेळ लागत नाही. अशा वेळी छप्पर चेपून डोक्यावर येऊ नये म्हणून गाडीच्या आत पाइपांचा सांगाडा बसवतात. त्यालाच रोल केज म्हणतात.

दादांनी तो बनवायला घेतला आणि २०२२ च्या सप्टेंबरात त्यांना लिम्फोमाचं निदान झालं. मुंबईला टाटात जायचं की इथेच उपचार घ्यायचे? आखातात हा प्रश्न नुसता वैद्यकीय नसतो. नोकरी सुटली की व्हिसा सुटतो, व्हिसा सुटला की मुलांची शाळा. दोन रात्री चर्चा झाली आणि इथेच राहायचं ठरलं. "मग निदान ती गाडी तरी विका," वहिनी म्हणाल्या. त्यांचंही चूक नव्हतं. दादा एवढंच म्हणाले, "आधी पिंजरा होऊ दे, मग बघू."

केमोथेरपी दर एकवीस दिवसांनी, अशा सहा वेळा. पहिला आठवडा मळमळ आणि थकवा यांतच जायचा. दुसऱ्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात, म्हणून गर्दी बंद, बाहेरचं खाणं बंद, आणि ताप ३८ च्या वर गेला तर रात्र असो की दिवस, थेट रुग्णालय. तिसऱ्या आठवड्यात जरा माणसात येणं. तो आठवडा पिंजऱ्याचा! वेल्डिंगचा धूर आणि ग्राइंडरची धूळ यांपासून लांब राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तेव्हा कामाची वाटणीच करून टाकली. पाइप वाकवणं आणि जोडणं वादी कबीरच्या वर्कशॉपमध्ये, आमच्या देखरेखीखाली. आराखडा, मापं आणि कागदी साचे मात्र दादांच्या जेवणाच्या टेबलावर.

आता थोडं पिंजऱ्याच्या शास्त्राविषयी, कारण आपल्यातले बरेचजण वाळूत जातात. शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे चालकाच्या पाठीमागची मुख्य कमान बिनजोड पोलादी पाइपाची लागते. व्यास ४५ मिलिमीटर आणि जाडी अडीच, किंवा व्यास ५० आणि जाडी दोन. बाक पाइपाच्या व्यासाच्या तिपटीहून कमी त्रिज्येचा नको आणि बाकात सुरकुती तर मुळीच नको. पाय नुसत्या पत्र्यावर टेकवून चालत नाहीत, खाली किमान तीन मिलिमीटरची जाड प्लेट हवी. वेल्डरने पाण्याचा गॅल्वनाइझ्ड पाइप सुचवला. स्वस्तात पडला असता. दादांनी फोनवरूनच नकार दिला. एक तर तो शिवणीचा, त्यात वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि करणाऱ्याला ताप भरतो.

दोन पाइप तिरके भेटतात तिथे एकाला माशाच्या जबड्यासारखी खाच पाडावी लागते. दादा कागदाच्या पट्टीवर तो वक्र काढून कापत. ती पट्टी पाइपाला गुंडाळली की कुठे कापायचं ते वेल्डरला कळे. सहाव्या केमोपर्यंत अशा पट्ट्यांनी बिस्किटांचा एक डबा भरला होता.

याच काळात आमच्या भेटींचं स्वरूपही बदललं. सुरुवातीला आम्ही सगळे चेहरे पाडून जायचो, तब्येत विचारायचो, चहा प्यायचो आणि गप्प बसायचो. एक दिवस दादा वैतागले. "अरे, रोगाची चौकशी डॉक्टर करतायत. तुम्ही मापं विचारायला या." मग आम्ही अडचणी घेऊनच जाऊ लागलो. तिरका पाइप दरवाजाला लागतोय, काय करायचं? डोक्याजवळच्या पाइपांना फोम किती जाड? (हेल्मेटशिवाय बसणाऱ्याचं डोकं त्याच पाइपावर आपटू शकतं, म्हणून फोम लावाच.) दुखणेकऱ्याला सगळे सल्ले देतात, त्याचा सल्ला कुणी घेत नाही. इथे त्यांच्याशिवाय आमचं पानही हलत नव्हतं. वहिनींनी मग गाडी विकायचा विषय काढला नाही. उलट फोमवरची कापडी खोळ त्यांनीच शिवली.

फेब्रुवारी २०२३ मधला स्कॅन चांगला आला. तपासण्या अजून चालू आहेत आणि प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री त्या घरात कुणाला झोप लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही तीन गाड्या घेऊन वहिबाला गेलो. दादा चालवत होते, शेजारी वहिनी. पिंजऱ्याची परीक्षा अजून झालेली नाही, आणि ती कधी न होवो!

दोन सूचना. गाडीत असा बदल करण्याआधी रॉयल ओमान पोलिसांची परवानगी घ्या. आणि दुसरी जास्त महत्त्वाची. दादांना उपचारांत दोनदा रक्त लागलं, ते कुणा अनोळखी दात्यांनी दिलेलं होतं. बौशरला मध्यवर्ती रक्तपेढी आहे. पुढच्या सुट्टीला तिकडे एक चक्कर माराच.