गाडी दारात आली, आता नियमही घरात येऊ द्या

आपल्या वस्त्यांचे चित्र बदलले आहे. एके काळी सगळ्या चाळीत मिळून दोन-तीन सायकली असत. आज बुद्धविहाराच्या बाहेर स्कूटर-मोटारसायकलींची रांग लागते. कुणी ती हप्त्याने घेतलेली असते, कुणी ओळखीच्या माणसाकडून जुनी. वडील पायी गिरणीत गेले, मुलगा आज गाडीवरून घरोघरी पार्सल पोचवतो, आणि मुलगी स्कूटरवरून हॉस्पिटलच्या ड्युटीला जाते. हे सारे कष्टाने आणि शिक्षणाने मिळाले आहे. त्याचा आम्हाला अभिमान वाटतो.

पण याच गाडीने किती घरांचे कर्ते माणूस नेले, हेही पाहिले पाहिजे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांपैकी शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. श्रीमंताच्या मोटारीला पत्र्याचे कवच असते. आपल्या दुचाकीला आपल्याच हाडामांसाचे कवच असते. कर्ता माणूस गेला की मुलांची शाळा सुटते, कर्ज अंगावर येते आणि दोन पिढ्यांची कमाई एका दिवसात जाते. म्हणून या अंकात कुटुंबाच्या पानावर हा विषय घेत आहोत.

चाळीसगावचा टांगा

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत १९२९ सालची हकीकत लिहून ठेवली आहे. अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी समितीचे ते सभासद होते. त्या कामात ते चाळीसगावला उतरले. महारवाडा स्टेशनपासून दोन मैलांवर. पण अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. आपल्या पाहुण्याने पायी यावे, हे आपल्या लोकांना कमीपणाचे वाटले. शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मात्र मिळाला नाही. आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याने त्यापूर्वी टांगा कधी हाकला नव्हता. थोडे अंतर जाताच टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीच्या फरशीवर चाक कडेच्या दगडाला धडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोडा व टांगा नदीत पडला. त्यांचा पाय मोडला.

या प्रसंगाचे मूळ कारण अस्पृश्यता हेच होते. पण बाबासाहेबांनी आपल्या माणसांचेही चुकले ते सांगितले आहे. पाहुण्याचा मान राखताना त्याच्या जिवाची सुरक्षितता त्याहून मोठी, हे ते विसरले, असा त्यांचा अभिप्राय आहे. दारात गाडी असणे हा मान आहे. ती नीट चालवायला शिकणे ही सुरक्षितता आहे. पहिले मिळाले म्हणून दुसरे सोडून चालणार नाही.

हेल्मेट दोघांनाही

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. चालवणाऱ्याला आहे, तसेच मागे बसणाऱ्यालाही. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यांवरही कारवाई सुरू केली. तरी रस्त्यावर काय दिसते? नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, आणि मागे बसलेल्या बायकोच्या डोक्यावर पदर. २०२२ साली हेल्मेट न घालता मेलेल्यांची संख्या ५० हजार २९ होती. त्यांत १४ हजार ३३७ जण मागे बसलेले होते. स्त्री-पुरुष समता मानणाऱ्या घरात डोक्याची किंमत वेगवेगळी कशी?

हेल्मेट आयएसआय खुणेचेच घ्यावे. १ जून २०२१ पासून या खुणेशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही. रस्त्याच्या कडेला मिळणारी टोपी दंड चुकवील, डोके वाचवणार नाही. हनुवटीखालचा पट्टा लावला नाही तर चांगले हेल्मेटही पडताना आधी उडून जाते. कायद्यात दंडाबरोबर तीन महिने लायसन्स निलंबित करण्याची तरतूद आहे. गाडीवर पोट असणाऱ्या मुलाला ही तीन महिन्यांची बेकारीच.

माता-भगिनींनी पदर आणि ओढणी खोचून बसावे. मागच्या चाकाला जाळी आहे ना, हे पाहावे. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे. मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. नवरा-बायको आणि मध्ये मूल, ही आपल्याकडची नेहमीची बैठक. पण कायद्यात चालक सोडून एकच माणूस म्हटले आहे. मूल लहान म्हणून सूट नाही. तिघांना जायचे असेल तर बस धरावी.

पोराच्या हाती किल्ली

दहावी झाली की पोरगा गाडी मागतो. गिअर नसलेली ५० सीसीपर्यंतची गाडी सोळाव्या वर्षी चालवता येते, असे कायदा म्हणतो. पण आज घरोघर दिसणाऱ्या पेट्रोल स्कूटरी १०० सीसीच्या वरच्या आहेत. म्हणजे वय अठराच लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

बॅटरीच्या स्कूटरबद्दलही घोटाळा होतो. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची असेल, तरच तिला लायसन्स आणि नंबर लागत नाही. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर न जाता कागद पाहावेत. शिकाऊ लायसन्सवर, शिकवणारा सोडून, कुणालाही मागे बसवता येत नाही.

मुंबईत कुठे जाता येत नाही

वांद्रे-वरळी सागरी सेतू, पूर्व मुक्त मार्ग, जे. जे. उड्डाणपूल, अटल सेतू आणि किनारी रस्ता या ठिकाणी दुचाकीला बंदी आहे. चेंबूर-गोवंडीहून फोर्टात कामाला जाणारा मोटारसायकलवाला वरच्या मोकळ्या रस्त्याने जाऊ शकत नाही. खालून, ट्रक-ट्रेलरच्या गर्दीतून त्याला वाट काढावी लागते. वरच्या वेगात आणि वाऱ्यात दुचाकी धोक्याची, हे कारण खोटे नाही. पण ज्यांना वर बंदी घातली, त्यांच्यासाठी खालचा रस्ता बिनखड्ड्यांचा आणि उजेडाचा ठेवणे हे पालिकेचे काम आहे. ते आपण मागितले पाहिजे. सार्वजनिक पाणवठा सर्वांचा, हे १९२७ साली महाडला सांगावे लागले. सार्वजनिक रस्ताही सर्वांचा आहे. नियम पाळणाऱ्याची मागणी कुणाला सहज टाळता येत नाही.

मोठ्या गाडीच्या डाव्या अंगाला कधी शिरू नये. बेस्टची बस किंवा ट्रक डावीकडे वळताना तिथला सायकलवाला ड्रायव्हरला दिसत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते, तेव्हा ब्रेक हळू दाबावा. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे, असेच धरून चालावे.

सायकलवाल्यांसाठी

पाव, दूध, वर्तमानपत्रे अजूनही सायकलीवरून येतात, आणि ते काम पहाटेच्या अंधारातले. सायकलीला लायसन्स लागत नाही. पण घंटी, दोन्ही ब्रेक, पुढे दिवा आणि मागे लाल चकती हवीच. हँडलला पिशव्या टांगू नयेत, ओझे कॅरिअरवर बांधावे. डावीकडून, एकामागे एक चालावे. उभ्या मोटारीपासून हातभर लांब राहावे, कारण दार केव्हा उघडेल याचा नेम नाही.

पाचवे शील

मद्य आणि मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे शील आपण रोज घेतो. गाडीवर बसणाऱ्याने ते मोडले तर दुसऱ्याचाही जीव जातो, म्हणजे पहिले शीलही मोडते. कायद्यात पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. १४ एप्रिलच्या मोटारसायकल रॅलीत निळा झेंडा घेऊन ट्रिपल सीट, सायलेन्सर काढून, बिनहेल्मेटची पोरे पळतात, तेव्हा पाहणारे त्या पोरांचे नाव विचारत नाहीत. ते समाजाचे नाव घेतात.

अपघात झालाच तर

जखमीला आधी दवाखान्यात न्यावे. मदत करणाऱ्यावर कायद्याने जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची त्याला सक्ती करता येत नाही. मग पोलिसांत नोंद करावी व कागदांच्या प्रती घ्याव्यात. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे, म्हणून दुखवट्यातही एखाद्या नातेवाइकाने हे काम अंगावर घ्यावे. चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजारांची सरकारी योजना आहे.

विमा सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबरच पाच वर्षांचा मिळतो. पुढे तो भरायचा राहून जातो. तेवढ्यात आपल्या गाडीने कुणाला उडवले तर भरपाई आपल्या खिशातून. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल, तर विमा कंपनी दिलेले पैसे मालकाकडून परत वसूल करू शकते. जुनी गाडी घेताना आरटीओत नाव बदलून घ्यावे, ते याचसाठी.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात एवढे करावे. प्रत्येकाने विम्याची आणि लायसन्सची तारीख पाहावी. वस्तीतल्या मेकॅनिक मुलाने ब्रेक आणि दिवे तपासावेत. आणि ज्या घरात एकच हेल्मेट आहे, त्या घराने पुढच्या पगाराला दुसरे आणावे.