सोपाऱ्याचा जलमार्ग आणि बोळिंजची तिवरे

म्हाडाच्या वसाहतीमुळे अलीकडे सर्वपरिचित झालेले विरार पश्चिमेचे बोळिंज हे उत्तरेची वैतरणा खाडी आणि दक्षिणेचे सोपारा यांच्या मधल्या सखल पट्ट्यात वसलेले आहे. वैतरणेची खाडी आणि उल्हास नदीच्या मुखाशी असलेली वसईची खाडी यांना जोडणारा भरती-ओहोटीचा एक प्रवाह पूर्वी या पट्ट्याला मुख्य भूमीपासून अलग करीत असे; त्यामुळे वसई, सोपारा, बोळिंज, आगाशी ही गावे खऱ्या अर्थाने बेटावरची होती, आणि जुन्या गॅझेटियरमध्येही या भागाला वसई बेट असेच म्हटले आहे. हा प्रवाह म्हणजे सोपारा खाडी. लोहमार्गाचा भराव, मिठागरांचे बांध आणि वस्त्यांखालची भरणी यांमुळे तो आता तुटक झाला असला, तरी जेथे भरतीचे पाणी अजून पोहोचते तेथे तिवरांच्या रांगा त्याची जुनी वाट दाखवतात.

अशा जुन्या जलमार्गातून पर्यटक नेता येतात, याचे एक उदाहरण मेक्सिकोत आहे. तेथील सियान काआन या संरक्षित क्षेत्रात, ज्याचा 1987 साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला, मुयिल येथे माया लोकांनी व्यापारासाठी खणलेला कालवा आहे आणि पर्यटक आज वाटाड्याबरोबर त्यातून जातात. सोपाऱ्याचा जलमार्ग कोणी खणलेला नाही, तो भरतीनेच कोरला. परंतु त्याची कागदोपत्री साक्ष मुयिलपेक्षा कितीतरी भरघोस आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत सोपाऱ्याचे नाव येते, कार्ले, नाशिक, कान्हेरी येथील शिलालेखांत ते येते, आणि 1094 सालच्या शिलाहार राजा अनंतदेवाच्या खारेपाटण ताम्रपटात जकातमाफी मिळालेल्या जहाजांच्या संदर्भात ठाणे व चौल यांच्या जोडीने शूर्पारक म्हणजेच सोपारा बंदराचा उल्लेख आहे. म्हणजे किमान हजार वर्षे या खाडीत सागरी जहाजे येत राहिली. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली सोपाऱ्यातील बुरूड राजाचा कोट या नावाने ओळखला जाणारा उंचवटा खणला, तेव्हा तो विटांचा स्तूप निघाला. त्याच्या गर्भात दगडी पेटी, तिच्यात आठ कांस्य बुद्धमूर्ती आणि त्यांच्या मधोमध तांबे, चांदी, दगड, स्फटिक व सोने यांचे एकात एक बसवलेले करंडक होते, जे आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. त्याच वर्षी भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तर नवव्याचा तुकडा 1956 साली भुईगावला मिळाला. आठव्या लेखाचा विषय असा, की राजाने शिकारीच्या करमणुकीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्या. पर्यटनाच्या संदर्भात वाचताना हा योगायोग गमतीचा वाटतो.

या पट्ट्यातील खाडीकाठच्या कांदळवनांचे मुख्य झाड तिवर. चिखलात प्राणवायू नसल्याने त्याची मुळे पेन्सिलीसारखी वर येतात, त्यांना श्वसनमुळे म्हणतात, आणि शोषलेले जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते, म्हणून उन्हाळ्यात पानांवर मिठाचे कण चमकताना दिसतात. कांदळाची रीत वेगळी: त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे रोप खाली पडून चिखलात रोवले जाते किंवा भरतीबरोबर दुसरीकडे जाते. किनाऱ्याच्या समुद्राकडील बाजूला वाढणारी पांढरी चिप्पी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य-कांदळवन वृक्ष आहे.

अशा जागी पर्यटकांना फिरवायला मोठी यांत्रिक नौका उपयोगाची नाही. तिच्या लाटांनी काठ ढासळतो, आवाजाने पक्षी उठतात आणि अरुंद फाट्यांत ती वळतही नाही. कयाक ही बैठी, अरुंद होडी, जी दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवतात, वीतभर पाण्यातही तरते. मात्र तिला भरतीचा हिशेब पाळावा लागतो. भरतीबरोबर आत शिरावे आणि पाणी उतरू लागताच परतावे, कारण रेंगाळणारा ओहोटीत चिखलातच बसून राहतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या आगेमागे पाणी कमी चढते, आणि हे गणित येथील कोळी-मांगेल्या मच्छीमारांना पंचांगावरून तोंडपाठ असते. वाटाड्या म्हणून त्यांच्याहून योग्य कोण, हे सांगायला नकोच. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी या महिला बचत गटाने होडीतून कांदळवन सफर चालवून, असा उपक्रम स्थानिक स्त्रियांच्या हाती कसा राहू शकतो हे दाखवले आहे. सोपाऱ्याच्या वाट्याला इतिहास वेंगुर्ल्याहून अधिक आला आहे, एवढेच.

कांदळवने टिकली, याचे मोठे श्रेय न्यायालयाला जाते. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 च्या अंतरिम आदेशाने आणि 2018 च्या अंतिम निकालाने राज्यभर कांदळवनतोड आणि त्यांच्या भोवतीच्या पन्नास मीटरमधील बांधकाम यांना मनाई केली, आणि सरकारी जमिनीवरील कांदळवनांना वनाचा दर्जा देण्यास सांगितले. 2012 मध्ये स्थापन झालेला वनविभागाचा कांदळवन कक्ष त्यांची देखरेख करतो. या संरक्षणाचे मोल केवळ पक्षीनिरीक्षकांपुरते नाही. जुलै 2018 मध्ये वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला, नालासोपाऱ्याजवळ रूळ बुडून गाड्या थांबल्या, वसईच्या मिठागरांतील कुटुंबे अडकली. पावसाचे पाणी समुद्राकडे जाण्याची वाट या खाड्यांतूनच जात असल्याने, त्या जितक्या आखडतात तितके पाणी वस्तीत थांबते.

या जलमार्गाचे पर्यटनस्थळ करण्यातली अडचण प्रशासनाच्या वाटणीत आहे. स्तूप पुरातत्त्व खात्याकडे, तिवरे वनविभागाकडे, मिठागरे केंद्राच्या मीठ आयुक्तांकडे, खारजमिनीचे बांध व त्यांतील पाणी सोडण्याच्या झडपा म्हणजे उघाड्या खारभूमी विभागाकडे, आणि वस्तीचे नाले महापालिकेकडे आहेत. सोपाऱ्याच्या जलमार्गाला एकसंध स्थळ मानून त्याची हद्द, नौकामार्ग आणि माहितीफलक आखायचे तर पहिली बैठक या पाचही कार्यालयांची लागेल, आणि तीत बोळिंज-आगाशीचे मच्छीमार बोलावलेले असले पाहिजेत.