सफरचंदाचा वास संध्याकाळपर्यंत

सफरचंदाचं अत्तर निघत नाही. गुलाबाचं निघतं, मोगऱ्याचं, केवड्याचं निघतं, पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचंसुद्धा कनौजचे अत्तरवाले काढतात. सफरचंदातली सुगंधी द्रव्यं मात्र इतकी थोडी आणि इतकी उडून जाणारी असतात की फळ भट्टीवर चढवलं तर ताजेपणा पहिल्या वाफेबरोबर जातो आणि मागे शिजलेल्या फोडींचा वास राहतो. शाम्पूतलं हिरवं सफरचंद असो किंवा २००४ साली आलेलं डीकेएनवायचं ‘बी डिलिशस’, तो वास सुगंधकाराने एकेक द्रव्य जुळवून उभा केलेला असतो. घरी हौसेने परफ्यूम बनवणाऱ्यांनाही तो तसाच उभा करावा लागतो. त्यांची तक्रारही सगळीकडे एकच असते: लावल्याबरोबर सुरेख सफरचंद येतं आणि अर्ध्या तासात नाहीसं होतं.

मलाही ही हौस आहे, आणि ती लागली दुधामुळे. मी आरे कॉलनीत राहते. माझी सगळी नोकरी दुधाच्या प्रयोगशाळेत झाली. मुंबईच्या गोठ्यांतल्या म्हशी शहराबाहेर आणायच्या आणि शहराला चांगलं दूध पुरवायचं, या दारा खुरोडींच्या धडपडीतून ही दुग्धवसाहत १९४९ साली उभी राहिली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. दूध घेताना लॅक्टोमीटर, अल्कोहोल टेस्ट, मिथिलीन ब्लू हे सगळं नंतर येतं. पहिली तपासणी नाकाची. कॅनचं झाकण उघडताक्षणी वास घ्यायचा, कारण झाकणाखाली कोंडलेली हवा एकदाच मिळते. आंबूस, खवट, ओल्या चाऱ्याचा, गोठ्याचा असे वास नाकाला पाठ होतात. क्वचित एखाद्या दुधाला चक्क पिकल्या फळाचा वास येतो. नव्या माणसाला तो आवडतो. प्रयोगशाळेत ते दूध नापास होतं.

त्या वासामागचं रसायन मला आजही विलक्षण वाटतं. थंडीतही वाढणारे स्यूडोमोनास फ्रॅगी नावाचे जिवाणू दुधातली चरबी फोडतात, त्यातून ब्युटिरिक आम्ल सुटतं. खवट तुपाचा जो वास आपल्याला नकोसा होतो, तो मुख्यतः याच आम्लाचा. पण या आम्लाला इथेनॉलची जोड मिळाली की इथाइल ब्युटिरेट तयार होतं, आणि त्याला अननस-सफरचंदाच्या वळणाचा गोड वास येतो. आम्ल आणि अल्कोहोल यांच्या अशा जोडीला एस्टर म्हणतात. सफरचंदाचं झाड हेच काम स्वच्छपणे करतं, आणि बरंचसं फळाच्या सालीत करतं. म्हणून सोललेल्या फोडीपेक्षा अख्खं फळ जास्त दरवळतं. सफरचंदात उडून जाणारी ३०० हून अधिक द्रव्यं सापडली आहेत. त्यातली मोजकीच वासाला कारण होतात: ब्युटिल ॲसिटेट, हेक्झिल ॲसिटेट, इथाइल २-मिथिल ब्युटिरेट हे एस्टर, आणि हिरव्या सालीचा करकरीतपणा देणारं हेक्झेनाल.

आता तक्रारीकडे येऊ. इथाइल २-मिथिल ब्युटिरेटचा रेणुभार १३०, हेक्झिल ॲसिटेटचा १४४. जिव्हादान कंपनीचं मँझानेट हे द्रव्य सफरचंदासाठी हौशी मंडळींत फार लोकप्रिय आहे, त्याचाही १४४. इतके हलके रेणू त्वचेच्या उबेवर थांबणार नाहीत. मुंबईच्या मे महिन्यात तर मुळीच नाही. नवखा माणूस साहजिकच मँझानेट वाढवतो. तिप्पट घातलं तर पहिली पाच मिनिटं नेलपॉलिशसारखी उग्र होतात आणि पाऊण तासानंतर परिस्थिती तीच. दुसरा उपाय लोक सांगतात तो फिक्सेटिव्हचा: एखादं जड द्रव्य घाला, ते सफरचंदाला धरून ठेवेल. जड द्रव्याने उडण्याचा वेग थोडा कमी होतो हे खरं, पण १३० वजनाचा रेणू संध्याकाळपर्यंत बांधून ठेवणारं काही मला तरी भेटलेलं नाही. माझं ठाम मत असं की हलक्या एस्टरना जाऊ द्यावं. ते जात असताना त्यांच्याच वळणाचं पण जड असं दुसरं द्रव्य पुढे यायला हवं, आणि ते ओसरेल तेव्हा तिसरं. फोडणीचा पहिला वास घरभर जातो आणि विरतो, पण जेवताना चव लागते ती डाळीची. म्हणून कष्ट डाळीवर घ्यावेत.

ही डाळ म्हणजे मधली द्रव्यं. दोन नावं लक्षात ठेवावीत, दोन्ही आयएफएफ कंपनीची. एक फ्रुक्टोन, रेणुभार १७४: गोडसर, किंचित लाकडी, सफरचंद-स्ट्रॉबेरीच्या मधलं. दुसरं व्हर्डॉक्स, १९८: सालीसकट हिरवं सफरचंद आणि त्यामागे कोरड्या लाकडाची छटा. साबण, शाम्पू आणि कपडे धुण्याच्या पावडरी यांतलं सफरचंद बरेचदा व्हर्डॉक्सच्या जोरावर उभं असतं, कारण ते स्वस्त आहे आणि धुतल्यानंतरही कपड्याला चिकटून राहतं. दुपारी त्यात बुडवलेली कागदाची पट्टी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलते. एकटं हुंगलं तर थोडं खरखरीत वाटतं, म्हणून पुष्कळ जण बाटली बाजूला ठेवतात. तसं करू नये. त्याच्या जोडीला हेडिओन घालावं. त्या हलक्या, जाईसारख्या हवेत व्हर्डॉक्सचा खरखरीतपणा मोकळा होतो.

खरी श्रीमंती मात्र डॅमास्कोनांत आहे. बल्गेरियन गुलाबाच्या तेलात कणभर प्रमाणात असलेलं बीटा-डॅमासेनोन फर्मेनिश कंपनीच्या संशोधकांनी शोधून काढलं आणि १९७० साली त्याची रचना जाहीर केली. त्याच घराण्यातली डॅमास्कोनं पुढे प्रयोगशाळेत बनू लागली. हेच डॅमासेनोन सफरचंदातही आहे. फळात ते साखरेच्या रेणूला बांधलेलं असतं आणि उष्णतेने सुटतं. सफरचंद शिजताना स्वयंपाकघरात जो गडद, मधासारखा वास भरतो त्यात त्याचा मोठा वाटा आहे. डेल्टा-डॅमास्कोनचा रेणुभार १९२, म्हणजे व्हर्डॉक्सहून किंचित हलकाच. तरी त्याची पट्टी दोन-तीन दिवस वास देत राहते. याचं कारण आपल्या नाकात आहे. डॅमास्कोनं अतिशय कमी प्रमाणातही जाणवतात, त्यामुळे बरंचसं उडून गेल्यावर उरलेला अंशही पुरतो. टिकाऊपणा रेणूच्या वजनावर जितका अवलंबून, तितकाच नाकाच्या या तीक्ष्णपणावर. मला स्वतःला सुगंधशास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पण हे द्रव्य जपून वापरायचं. काहींच्या त्वचेला डॅमास्कोनांची ॲलर्जी होते. म्हणून सुगंधद्रव्यांची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्रा हिने अंगाला लावायच्या परफ्यूममध्ये त्यांची कमाल मर्यादा एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही खाली ठेवली आहे. वासासाठीही तेच बरं. जास्त झालं की सफरचंद जाऊन जॅम येतो, आणखी वाढवलं की गुलाब आणि तंबाखू.

तळाला मस्क. इथे आपल्या मातीतलं एक झाड आठवतं. आरेत पावसाळ्यात रानभेंडीची पिवळी फुलं दिसतात. तिचीच बहीण कस्तुरभेंडी. तिच्या बियांना कस्तुरीचा मंद वास असतो आणि त्यात पेअर-सफरचंदाच्या सालीची, जुन्या ब्रँडीची छटा असते. त्या बियांतलं अँब्रेटोलाइड, रेणुभार २५२, आता कारखान्यात बनतं. फळाच्या वासाखाली याच्याइतका शोभणारा मस्क मला दुसरा माहीत नाही. महाग आहे, म्हणून मी इथिलीन ब्रॅसिलेटचा स्वस्त पाया घालते आणि अँब्रेटोलाइड थोडंसंच.

माझं सध्याचं मिश्रण असं आहे. शंभर भागांत इथिलीन ब्रॅसिलेट २५, हेडिओन २०, व्हर्डॉक्स १८, फ्रुक्टोन १२, दहा टक्के द्रावणातलं अँब्रेटोलाइड ७, हेक्झिल ॲसिटेट ५, एक टक्का द्रावणातलं डेल्टा-डॅमास्कोन ५. उरलेल्या आठांत दहा टक्के द्रावणातलं मँझानेट, गॅमा-डेकालॅक्टोन आणि कापलेल्या गवताच्या वासाचं सिस-३-हेक्झेनॉल. मापं थेंबांनी घेऊ नका, थेंब लहानमोठे पडतात. सोनं तोलायचा असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. एवढ्या मिश्रणात मँझानेट किती कमी आहे ते पाहा. पहिल्या हिरव्या झुळकेला तेवढं पुरतं.

पारख पट्टीवर करावी. पट्टीवर द्रव्याचं नाव आणि वेळ लिहून पाच मिनिटांनी, तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या सकाळी हुंगायचं. आमच्याकडे तबेल्याच्या बाजूने वारा आला की शेणाचा आणि ओल्या पेंढ्याचा वास घरात येतो, म्हणून मी पट्ट्या बंद खोलीत ठेवते. पण नाकाला विश्रांती द्यायला बाहेरच येते. ही विश्रांती फार महत्त्वाची. ‘सफरचंद गेलं’ असं वाटतं तेव्हा कित्येकदा आपलं नाकच सरावलेलं असतं. शिवाय काही मस्क काही माणसांना मुळीच जाणवत नाहीत. त्यासाठी दुसऱ्याचं नाक हवं. शेजारची बारावीतली मुलगी माझ्या पट्ट्या हुंगायला येते. “मावशी, याला अजून साल आहे,” असं तिने संध्याकाळी सांगितलं की मी ते वहीत लिहून ठेवते. तिचं नाक माझ्यापेक्षा तरुण आहे आणि तिला उत्तर आधी माहीत नसतं.

या मुलीसारख्यांना मी मुलुंडचा रस्ता दाखवते. १९२२ पासून सुगंधद्रव्यं बनवणाऱ्या एस. एच. केळकर कंपनीचं नाव मुलुंडशी जोडलेलं आहे, आणि केळकर ट्रस्टच्या तिथल्या वझे महाविद्यालयात परफ्यूमरीचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. आपल्या उपनगरात हे शिक्षण मिळतं, ही गोष्ट विज्ञान शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांपर्यंत पोचायला हवी.

हौशी मंडळींना शेवटचं थोडं व्यवहाराचं. शुद्ध इथेनॉलवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं. ते मिळवण्याच्या मागे न लागता तयार परफ्यूमर्स अल्कोहोल घ्या किंवा डायप्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये काम करा. मूळ द्रव्यं थेट त्वचेवर लावू नका, खिडकी उघडी ठेवा, बाटल्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. उन्हाळ्यात परफ्यूम सुती ओढणीच्या किंवा रुमालाच्या टोकाला लावा, अंगापेक्षा तिथे जास्त राहतं. खरेदीची सुरुवात व्हर्डॉक्स, हेडिओन आणि इथिलीन ब्रॅसिलेट यांच्या सर्वांत लहान बाटल्यांनी करा, मँझानेट नंतर. डॅमास्कोन घ्यायचं तर एक टक्का द्रावणच मागा. तसं मिळत नसेल तर ते सोडून द्या, कारण व्हर्डॉक्स आणि एका चांगल्या मस्कवरही सफरचंद संध्याकाळपर्यंत राहतं.