तोडीची चिठ्ठी आणि पोटातली आग


उसाला तुरा येतो, टोळीचा पत्ता नसतो आणि इकडे मालकाची झोप उडते, पोटात आग पडते. घरची म्हणतात, "मनाला लावून घेऊ नका." पण मनाला लागलेलं अंगात उतरतंच. माँट्रियलच्या डॉ. हान्स सेली यांनी उंदरांना थंडीसारखे नाना त्रास दिले. त्रास कोणताही असो, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी फुगलेल्या आणि जठरात व्रण! हे त्यांनी १९३६ साली प्रसिद्ध केले.

काळजीनं या ग्रंथींतला रस रक्तात उतरतो. नाडी धावते, रक्तातली साखर चढते. बिबट्या आडवा आला तर हे कामाचं. पण चिठ्ठीची वाट बघत महिनाभर तेच चाललं, तर मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांना जड जातं.

मात्र सगळंच टेन्शनवर ढकलू नये. १९८२ साली ऑस्ट्रेलियात डॉ. मार्शल व डॉ. वॉरेन यांनी जठरातला जिवाणू शोधला. बहुतेक व्रणांच्या मुळाशी तो असतो, आणि औषधानं तो जातो. त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. अंगदुखीच्या गोळ्यांनीही व्रण होतात, आणि आपल्याकडे त्या चण्या-फुटाण्यासारख्या खाल्ल्या जातात. तेव्हा सोडा पिऊन दिवस काढू नका. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर तोडीचं नंतर बघू, त्याच दिवशी दवाखाना गाठा.