कातेतला निवाडा

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या कोरड्या रानात बिळे करून राहणारा, तांबड्या-नारिंगी गुडघ्यांचा टॅरंटुला हा जगभरच्या हौशी मंडळींचा आवडता पाळीव कोळी. लहानपणी तो नर की मादी, हे वरवर पाहून कळत नाही. निवाडा करते ती टाकलेली कात. ती भिजवून उलगडली की मादीच्या पोटाच्या आतल्या बाजूस वीर्य साठवण्याची पिशवी दिसते. नराच्या कातेत ती नसते.

वयात येताना नर शेवटची कात टाकतो. मग तोंडाजवळच्या आखूड स्पर्शपादांची टोके फुगीर होतात आणि पुढच्या पायांवर आकडे येतात. मीलनाच्या वेळी या आकड्यांनी तो मादीचे विषदंत अडवून धरतो. त्यानंतर त्याचे आयुष्य फार उरत नाही. मादी मात्र कात टाकत २०-२५ वर्षे जगू शकते.

हे दीर्घायुष्यच तिच्या मुळावर आले. बाजारात मागणी तिलाच अधिक. आणि रानातून एक मादी उचलली की तिच्या पुढच्या सगळ्या विणीही जातात. १९८५पासून या कोळ्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे. तेव्हा ‘नर की मादी’ याच्याही आधी विचारायला हवे ते हे : रानातला, की काचपेटीत जन्मलेला?