सही जुळत नाही

नोव्हेंबर उजाडला की आम्हां पेन्शनरांची एकच लगबग असते : हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत, हे आपणच जाऊन सांगायचे! मागच्या खेपेस मुलुंडच्या शाखेत यंत्रावर अंगठा ठेवला. जुळेना. दुसरे बोट, तिसरे बोट, तेच. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "काका, वयाने रेषा झिजतात. डोळ्यांवरून बघू."

मीही हसलो, पण मनात काहीतरी टोचले.

तीसेक वर्षांपूर्वी घाटकोपरला मी काउंटरच्या आतल्या बाजूला होतो. एक वृद्ध गृहस्थ पैसे काढायला आले. हात कापत होता. सही आमच्याकडच्या नमुन्याशी जुळेना. मी स्लिप परत केली. ते म्हणाले, "साहेब, सही बदलली हो. मी तोच आहे." मी विचारले, "कशावरून?" ते काही बोलले नाहीत. पासबुक पिशवीत घालून निघून गेले.

कशावरून? नाव आईवडिलांनी दिलेले, हुद्दा बँकेने दिलेला आणि काढून घेतलेला, सही थरथरणारी, रेषा झिजलेल्या. मग 'तोच' म्हणून उरतो तो कोण?

हा प्रश्न आयुष्यभर धरून बसलेला एक माणूस याच मुंबईत होऊन गेला. खेतवाडीत विड्यांचे दुकान चालवणारे मारुती कांबळी, म्हणजेच निसर्गदत्त महाराज. घराच्या पोटमाळ्यावर ते साध्या मराठीत बोलत आणि परदेशांतून आलेली माणसे दाटीवाटीने बसून ऐकत. मॉरिस फ्रीडमन यांनी त्या संवादांचा इंग्रजी ग्रंथ केला, तो १९७३ साली. पुढे दुभाष्याचे काम करणाऱ्यांत बँक ऑफ इंडियातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले रमेश बाळसेकर होते. महाराज १९८१ मध्ये गेले. सांगणे थोडक्यात असे : 'मी अमुक आहे' यातले अमुक बाजूला ठेवा, 'मी आहे' एवढ्या जाणिवेपाशी थांबा.

मला ते साधले, असे मी म्हणणार नाही. पण वाचकहो, त्या गृहस्थांच्या एका वाक्यात तेच नव्हते का? सही बदलते, हे ते कबूल करीत होते. बदल पाहणारा मात्र त्यांना पक्का ठाऊक होता.

यंत्राने माझे डोळे ओळखले. वर्षभरापुरता दाखला मिळाला. बाहेर पडताना वाटले, त्या दिवशी मी सहीचे कार्ड पाहिले; एकदा त्यांच्या डोळ्यांकडे बघायला हवे होते.