बीप मोजा, मग मदरबोर्डचं बोला

अमरावतीहून नागपूरकडे जाताना तिवसा तालुक्यात महामार्गालगत गुरुकुंज मोझरी लागतं. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभारला, आणि गावाच्या गरजा गावानेच भागवाव्यात हा विचार पुढे ‘ग्रामगीते’त सविस्तर मांडला. आज या गावात, किंवा वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात, एखाद्या पोराचा गेमिंग लॅपटॉप अडला, म्हणजे पंखा फिरतोय, पडदा काळाच आहे आणि आतून टूं-टूं आवाज येतोय अशी अवस्था झाली, की पहिला सल्ला मिळतो ‘अमरावतीला नेऊन दाखव’, आणि तिथे पुष्कळदा ऐकू येतं ‘मदरबोर्ड गेला’. या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही बोर्डावरच पक्क्या बसवलेल्या असतात, त्यामुळे बोर्ड बदलायचा खर्च ऐकून आई-वडिलांचा धीर सुटतो. माझं म्हणणं इतकंच आहे की जो लॅपटॉप बीप देतोय, त्याचा मदरबोर्ड मेला असं बीप न मोजता म्हणायला काहीच आधार नसतो. बोर्डाचा बराच भाग शाबूत आहे, याचीच ती खूण असते.

असं का, हे समजायला १९८१ सालचा पहिला आयबीएम पीसी उपयोगी पडतो. आयबीएमने त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत बायोस, म्हणजे यंत्र चालू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम, सगळाच्या सगळा छापून टाकला होता, त्यामुळे बटण दाबल्यावर यंत्र स्वतःची परीक्षा कोणत्या क्रमाने घेतं ते ओळीओळीने वाचता येतं. आधी प्रोसेसर स्वतःला तपासतो. मग बायोसच्या चिपमधले सगळे आकडे बेरजेला घेऊन ती चिप बिघडलेली नाही ना, हे पाहतो. मग टायमर, आणि त्यानंतर मेमरीचे पहिले १६ किलोबाइट: तिथे ०१०१०१०१ लिहायचं, वाचून पाहायचं, मग उलटं १०१०१०१० लिहायचं, पुन्हा वाचायचं. शेजारशेजारचे कप्पे एकमेकांना चिकटले असतील तर ते इथे पकडले जातात. गंमत अशी की ही परीक्षा पूर्ण होईपर्यंत प्रोग्रॅमला मेमरी वापरताच येत नाही, कारण तिच्यावर अजून विश्वास ठेवायचा नसतो. आपण कुठून आलो आणि कुठे परत जायचं एवढंही तो कुठे टिपून ठेवू शकत नाही. पाटी हिरावून घेऊन फक्त बोटांवर हिशेब करायला लावावा तसं सगळं काम प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या रजिस्टरांवर निभवावं लागतं. मला हा संगणकशास्त्रातला फार देखणा भाग वाटतो. आणि या अवस्थेत पडदा चालू झालेला नसल्यामुळे बोलायचं एकच साधन उरतं, टायमरने वाजवलेला स्पीकर. सुमारे ९०० हर्ट्झचा तो एक आखूड बीप म्हणजे ‘सगळं ठीक’. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे पडद्याच्या कार्डाची तक्रार.

हा बायोस आयबीएमसाठी लिहिला डेव्हिड ब्रॅडली यांनी. मात्र ‘बायोस’ ही कल्पना आणि तिचं नाव दोन्ही गॅरी किल्डाल यांचं. त्यांनी १९७४ साली सीपी/एम ही प्रणाली तयार केली, आणि यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा काढून तेवढाच नव्याने लिहायचा, बाकी प्रणाली तशीच ठेवायची, ही वाट दाखवली. आज शेकडो कंपन्यांच्या बोर्डांवर एकच विंडोज चालते ती याच विचारावर. पुढे आयबीएमशी त्यांचा करार फिसकटला, बाजार मायक्रोसॉफ्टने नेला, आणि किल्डाल १९९४ साली गेले तेव्हा त्यांचं नाव घेणारे थोडेच होते. त्यांच्या जुन्या कचेरीपाशी अभियंत्यांच्या संस्थेने सन्मानाची पाटी लावली ती २०१४ साली. इतका उशीर व्हायला नको होता.

तर, आजच्या लॅपटॉपनेही बीप दिला याचा अर्थ सहसा असा, की वीज पोचली, प्रोसेसर जागा झाला, बायोस वाचला गेला, आणि त्यापुढच्या एका परीक्षेत गाडी अडली. ही परीक्षा बहुधा रॅमची, म्हणजे मेमरीची, असते, आणि त्यात रॅम जळालेलीच असते असं नाही. लॅपटॉपमधल्या डीडीआर-४ प्रकारच्या रॅमच्या पट्टीला २६० संपर्कबिंदू असतात. त्यांच्यावरचा सोन्याचा मुलामा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, खाली निकेल असतं, आणि मुलाम्यातल्या बारीक छिद्रांतून ते गंजतं. गेमिंग लॅपटॉपचा प्रोसेसर खेळताना नव्वद अंशांच्या पुढे तापतो, बंद केला की निवतो. मे महिन्यात अकोला-अमरावतीत बाहेरच पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, हवेत काळ्या मातीची धूळ असते. प्रत्येक तापण्या-निवण्यात पट्टी आणि स्लॉट केसाहूनही कमी सरकतात, आणि घासून निघालेला चुरा संपर्कात अडकतो. दुकानदार पट्टी काढून खोडरबराने घासतात आणि लॅपटॉप चालू होतो, त्यामागे हेच आहे. पण त्यातलं बरंचसं श्रेय नुसत्या काढण्या-बसवण्याला आहे, कारण तेवढ्यानेच संपर्क पुसला जातो. खोडरबर मुलामाही खरवडतो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापड बरं.

यावर रास्त आक्षेप असा की बीपची भाषा सगळीकडे एक नाही. ते खरंच आहे. एएमआय कंपनीच्या जुन्या बायोसमध्ये तीन बीप म्हणजे मेमरी, तर डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये तीन बीप म्हणजे बोर्डाचीच तक्रार. डेलमध्येच दोन बीप म्हणजे रॅम सापडलीच नाही, चार म्हणजे सापडली पण लिहिणं-वाचणं जमत नाही. काही लॅपटॉप तर बीपऐवजी दिवे मिचकावतात. म्हणून आपल्या मॉडेलचा तक्ता कंपनीच्या पुस्तिकेतून काढायचा, आणि मोजण्यात चूक होऊ नये म्हणून आवाज मोबाइलवर टिपून घ्यायचा. एखादी कळ दबून अडकली असली तरी काही यंत्रं बीप देतात, तेही आधी पाहावं.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. परीक्षा कुठे अडली तेवढं बीप सांगतो, का अडली ते सांगत नाही. रॅमचा बीप पट्टीमुळे येईल, स्लॉटमुळे येईल, किंवा प्रोसेसरमधल्या मेमरी-नियंत्रकामुळेही येईल. पण म्हणूनच प्रयोग करायचा. चार्जर काढा, झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवा, मग बटण अर्धा मिनिट दाबून उरलेली वीज जाऊ द्या. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर हात लावू नका, कंपनीकडेच द्या. दोन पट्ट्या आणि दोन स्लॉट असतील तर एका वेळी एकच पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून चारही जोड्या तपासता येतात. एक पट्टी दोन्हीकडे अडली तर दोष पट्टीचा, एकच स्लॉट दोन्ही पट्ट्यांना अडला तर दोष स्लॉटचा. घाई मात्र नको. डीडीआर-५ च्या यंत्रात रॅमची जागा बदलली की यंत्र तिच्या संकेतांची वेळ नव्याने जुळवून घेतं, आणि तोवर काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. त्या वेळी वैतागून बटण दाबलं की चांगली पट्टीही खराब ठरते.

बीप ग्राफिक्सचा निघाला तर गोष्ट अवघड, आणि तिथे ‘चिप गरम करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहावं. २००८ साली एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या सदोष ग्राफिक्स चिपांसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. तो दोष चिपच्या पोटातल्या जोडणीचा होता. अशी चिप हॉट एअर गनने तापवली की तडकलेला जोड तात्पुरता टेकतो, पण बरा होत नाही. काही दिवसांनी तोच बीप परत येतो.

चारही जोड्या करूनही बीप तोच राहिला, तर शेवटची एक चाचणी उरते. दोन्ही पट्ट्या काढून बटण दाबा. तुमच्या तक्त्यात रॅम न सापडल्याचा बीप वेगळा असेल, तर यातून अर्थ निघतो: बीप बदलला, तर आधी यंत्राला रॅम निदान दिसत होती. तसाच राहिला, तर ती दिसतच नव्हती, म्हणजे संशय नियंत्रकावर किंवा बोर्डावर. मदरबोर्डचं नाव घ्यायला आता कुठे कारण मिळालं. दुकानात जाताना बीपची संख्या, चारही जोड्यांचे निकाल आणि ही शेवटची नोंद कागदावर लिहून न्या, आणि बोर्ड गेला म्हणणाऱ्याला यातल्या कोणत्या नोंदीवरून, हे जरूर विचारा.